उत्तरेच्या भिंतीची पाळ

मिनियापोलिस
२४ फेब्रुवारी २०१४

श्री. रूडी डेबेव्हेक यांस,

१. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही माझ्या वडिलांच्या, रेइनो लाहतेला यांच्या, सालो लेक गावातल्या घराच्या तळघराची उत्तरेकडची भिंत कापली आणि माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी तिथे बसवली. खिडकी जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे तिच्यासमोर बाहेरून खड्डा खणला, त्याला पन्हाळी पत्र्याचं कडं लावलं, तळाशी खडी आणि निचऱ्याचा पाइप टाकला, चढायला लोखंडी पायऱ्या लावल्या. खड्ड्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण बसवलं.

२. ही खिडकी माझा भाऊ मार्कू याच्यासाठी होती. तो खाणीच्या कारखान्यात रात्रपाळी करत असे आणि दिवसा तळघरात झोपत असे. तोवर तिथून बाहेर पडायला जिन्याशिवाय दुसरी वाट नव्हती. खिडकीचा आग्रह माझा होता. कंत्राटदार म्हणून तुमची निवड वडिलांची होती.

३. २८ जानेवारीला, मंगळवारी, दुपार होण्याआधी जिन्याखालच्या कपडे वाळवायच्या यंत्राने पेट घेतला. पहिल्यांदा जिना गेला.

४. वडील त्या वेळी शेजारच्या श्रीमती आल्ग्रेन यांचा गोठलेला नळ मोकळा करत होते. आपल्या घरातून निघणारा धूर त्यांना तिथून दिसला.

५. मार्कू जागा झाला होता. त्याने खिडकी पूर्ण उघडली आणि तो खड्ड्यात आला. म्हणजे खिडकी चालली.

६. झाकण उघडलं नाही.

७. अग्निशमन दलाला तो सर्वांत वरच्या पायरीवर सापडला. दोन्ही हात डोक्याच्या वर होते.

८. अहवालात लिहिलं आहे की झाकण का उघडलं नाही ते निश्चित करता आलं नाही. तिथला बर्फ आगीने आणि बंबाच्या पाण्याने वितळला आणि तासाभरात पुन्हा गोठला.

९. राज्याच्या परवाना मंडळाने तुमची चौकशी लावली आहे. सुनावणी २४ एप्रिलला आहे. काम ठरवताना मी हजर होते, म्हणून मला साक्षीला बोलावलं आहे.

इथवर जे लिहिलं त्यात माझं मत कुठेही नाही. मत देण्याआधी मला एकच गोष्ट तुमच्याकडून लेखी हवी आहे. झाकण का उघडलं नाही? तुमचा परवाना जावा अशी माझी इच्छा नाही, राहावा अशीही नाही. मंडळासमोर मी जे सांगेन ते खरं असावं एवढंच मला पाहिजे.

तुमचा वकील तुम्हाला फोनवर बोलू देत नाही असं कळलं. तेही ठीकच आहे. मला कागद बरा पडतो.

हेल्मी लाहतेला


सालो लेक
५ मार्च

हेल्मी,

पाकिटावर "श्री. रूडी डेबेव्हेक" वाचलं आणि मागे वळून बघितलं, आमच्यात श्रीयुत म्हणायचे ते फक्त बापाला, तो थडग्यातून उठून आला की काय. तुला मी लहानपणी माझ्या खणायच्या मशीनवर मांडीत बसवून अंगणभर फिरवलंय आणि आज मी श्रीयुत झालो. असो. तुझा हक्क आहे.

वकील म्हणतो, एक ओळ लिहू नको. तो दुलुथचा. त्याला लाहतेला लोक माहीत नाहीत.

तू नऊ मुद्दे लिहिलेस त्यात चूक काढायला जागा नाही. झाकण माझं होतं. त्याच्या कडेला रबराची पट्टी असते, ती ओल धरते. यंदासारखी थंडी पडली की ती पत्र्याला चिकटून बसते, सुटत नाही. मी लोखंडी जाळी लावायला पाहिजे होती. जाळीला गोठायला काही नसतं. प्लास्टिक लावलं ते चुकलं. तुझ्या नवव्या मुद्द्यानंतर दहावा लिही, चूक रूडीची. मंडळालाही मी हेच सांगणार आहे, वकील काही म्हणो.

काम चालू होतं तेव्हा तू एकच शनिवार-रविवार आलीस, म्हणून तुला ठाऊक नाही. खड्डा अर्धा खणला आणि खाली धोंडा लागला, गाईएवढा. मी म्हटलं, रेइनो, खिडकी चार फूट सरकवू या का? तर तुझा बाप म्हणतो, "धोंडा आधीपासून इथला आहे, तू काल आलास. तू सरक." मग मार्कू रात्रपाळी करून आला तो झोपलाच नाही. पहार घेऊन उतरला आमच्यासोबत. संध्याकाळपर्यंत काढला आम्ही तो. अजून मागच्या अंगणात आहे, त्यावर कुत्रं बसतं शेजाऱ्यांचं.

काम झालं त्या दिवशी मी दोघांनाही खिडकीतून बाहेर काढलं. माझा तो नेमच आहे. ज्याच्यासाठी खिडकी, त्याने माझ्यासमोर एकदा बाहेर यायचं, मगच मी सामान आवरणार. मार्कूने एका हाताने झाकण उडवलं आणि गवतावर येऊन उभा राहिला. तुझा बाप मागून आला तो कमरेशी अडकला. मार्कू म्हणाला, "बाबा, आग लागली तर तुम्ही जिन्यानेच जा." आम्ही हसलो गं. मोठ्याने हसलो.

तुझा बाप अंगणातल्या सौनाच्या खोपटात, आपण वाफ घ्यायला बसतो तिथे, राहतोय हे तुला माहीतच असेल. कपडे काढायच्या खोलीत खाट टाकली आहे, शेगडी पेटती ठेवतो, मधल्या दाराने ऊब येते. माझ्याकडे चल म्हटलं, येत नाही. तू येत जा. त्याला फार विचारू मात्र नकोस. त्याला आत्ता प्रश्न सोसत नाहीत.

पाद्री विचारत होते, गोठलेली जमीन मोकळी झाली की मार्कूसाठी कबर कोणी खणायची. दरवर्षी वसंतात चर्चचं ते काम माझ्याच मशीनने होतं. मी म्हटलं, या वेळी घरच्यांना विचारा.

रूडी


मिनियापोलिस
१२ मार्च

श्री. डेबेव्हेक,

पत्र मिळालं. तुमचं स्पष्टीकरण मला पटलेलं नाही. कारणं लिहिते.

रबराची पट्टी गोठते हे बरोबर. मी ते झाकण बनवणाऱ्यांकडून त्याच्या चाचण्यांची माहिती मागवली. पट्टी पत्र्याला पूर्ण चिकटली असली तरी मोठ्या माणसाने खांद्याने एक धक्का दिला की सुटते. मार्कूने तुमच्यासोबत धोंडा काढला होता. त्याने एकच धक्का दिला असेल असं तुम्हाला वाटतं का?

दुसरं. ऑगस्टमध्ये मी तिघा कंत्राटदारांशी बोलले होते. एकाने परवानगी न काढता काम उरकू असं सुचवलं. दुसऱ्याला खड्ड्याच्या निचऱ्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "पाणी आपली वाट आपण शोधतं, ताई." तुम्हाला मी निचऱ्यावर सात प्रश्न विचारले. सातांचीही उत्तरं तुम्ही दिलीत, आणि एका ठिकाणी माझंच चुकत होतं तेही सांगितलंत. ज्या माणसाला निचऱ्याचा पाइप किती उतारावर टाकायचा हे माहीत आहे, त्याला झाकणाची पट्टी गोठते हे सात महिन्यांनी सुचतं हे मला पटवून घेता येत नाही.

तिसरं. तुम्ही चूक फार सहज पत्करता. माझ्या कामात मी बरेच अपघात-अहवाल वाचते. छपरावर किती बर्फ पेलेल हे मोजणं हा माझा रोजचा धंदा आहे, आणि छपरं कोसळतात तेव्हा कागद आमच्याकडे येतात. परवाना जाणार हे दिसत असताना चूक माझीच असं पहिल्या पत्रात लिहिणारा कंत्राटदार मी पाहिलेला नाही.

मी वडिलांकडे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आम्ही कॉफी प्यायलो. झाकणाचा विषय निघाला की ते उठतात आणि शेगडीत लाकूड घालतात, शेगडी भरलेली असली तरी.

दोन प्रश्न. जानेवारीत तुम्ही शनिवारी वडिलांच्या सौनाला जात होता का? आणि आगीआधी त्या खिडकीपाशी शेवटचे कधी गेला होता?

येत्या २२ तारखेला मी पुन्हा येत आहे. या वेळी घर नीट पाहणार आहे.

हेल्मी लाहतेला


सालो लेक
१९ मार्च

हेल्मी,

जात होतो. गेली तीस वर्षं दर शनिवारी जातो. अंधार पडल्यावर घराच्या उत्तरेला कशाला जाईल कोण? सौना दक्षिणेला आहे.

आता माझं ऐक. तू टेप घेऊन घराभोवती फिरू नकोस. त्यातून काही मिळायचं नाही. बर्फ गेला, झाकण वितळलं, पोरगा गेला. माझे गुडघे गेलेच आहेत, आणखी दोन-तीन उन्हाळे काम केलं असतं, जास्त नाही. परवाना गेला तर गेला. माझी बायको तर म्हणते, बरं होईल, घरात मातीचे बूट यायचे बंद होतील.

तुझ्या बापाला तुझ्याशिवाय कोणी नाही. हे तुझ्या हिशोबात घे.

यापुढे मी लिहिणार नाही. वकिलाचं ऐकायचं ठरवलंय.

रूडी


मिनियापोलिस
२५ मार्च

श्री. डेबेव्हेक,

तुम्ही उत्तर देणार नाही असं लिहिलंत. तरी हे वाचा.

शनिवारी दुपारी पोचले. वडील आल्ग्रेनबाईंचं अंगण साफ करायला गेले होते. मी घराच्या उत्तरेला गेले.

त्या भिंतीच्या फळ्यांवरचा रंग तुम्हाला आठवत असेल. वरच्या बाजूला तो धगीने फुगला आहे आणि त्याला पोपडे आले आहेत. खालच्या बाजूला जसाच्या तसा आहे. या दोहोंमधली रेघ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाते, माझ्या कमरेच्या थोडी खाली. मी तिच्यावर पाणसळ धरली. रेघ सरळ आहे.

आग लागली तेव्हा त्या रेघेपर्यंत भिंत बर्फाने झाकलेली होती. म्हणून तिथला रंग वाचला. वाऱ्याने आणलेला बर्फ असा बसत नाही. एका टोकाला त्याची रास होते, दुसऱ्या टोकाला तो उतरतो, आणि भिंतीलगत तर वारा त्याला खरवडून घळ ठेवतो. सरळ रेघेत बर्फ फक्त माणूस लावतो, आणि वरून फावड्याच्या पाठीने थोपटतो.

मग मी खड्ड्यातला बर्फ फोडला. त्यात स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या होत्या. टोकं तिरकी छाटलेली होती, कुऱ्हाडीच्या एकाच घावाने.

लहानपणी दर हिवाळ्यात, कडाका सुरू झाला की मी आणि मार्कू फांद्या ओढून आणायचो. वडील त्या भिंतीलगत अंथरायचे, वरून बर्फ लोटायचे आणि थोपटायचे. घराला पाळ घालणं म्हणायचे त्याला. आजोबा घालत होते, त्यांचे वडील घालत होते. नळ गोठत नाहीत, लाकूड कमी लागतं. तुमच्या आळीतही घालत असतील.

थोपटलेला बर्फ सैल बर्फाच्या दुपटी-तिपटीने जड असतो. एक आठवडा गेला की तो एकसंध होतो. त्या झाकणावर किती वजन होतं ते मी काढलं आहे. आकडा इथे लिहीत नाही. तसली झाकणं बर्फ पेलायलाच बनवलेली असतात. ते मोडलं नसतं. खालून उघडलंही नसतं.

वडील परत आले तेव्हा मी सौनाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी माझे हातमोजे पाहिले. चिकाने काळे झाले होते.

"कुठे गेली होतीस?"

"मागे."

"मागे काय आहे आता?"

"भिंत आहे."

त्यांनी कॉफी ठेवली. वेलचीचा पाव कापला. आल्ग्रेनबाईंनी दिला होता. मग शेगडीकडे तोंड करून म्हणाले, "यंदा वारा उत्तरेचा होता. फार बर्फ आणला त्याने."

मी म्हटलं, "हो."

एवढंच बोलणं झालं. रविवारी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या गाडीच्या काचा खरवडून दिल्या, चारही. मी वळणावर पोचेपर्यंत ते हात वर करून उभे होते.

आता तुम्हाला मी पुन्हा एकच विचारते. तुम्हाला हे माहीत होतं का?

हेल्मी लाहतेला


सालो लेक
३१ मार्च

हेल्मी,

होतं.

वकिलाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. पण तू पाणसळ लावलीस म्हटल्यावर माझ्याकडे उरलं काय?

आग लागली त्याच्या आधीच्या शनिवारी मी आलो. उजेड होता अजून. लाकडं आणायला मागे गेलो आणि पाळ बघितली. झाकण दिसतच नव्हतं. मी तसाच सौनात शिरलो. तुझा बाप आणि मार्कू वरच्या फळीवर बसले होते. मी म्हटलं, "रेइनो, माझी खिडकी कुठे गेली?"

तुझा बाप तापलेल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "आहे तिथेच आहे. पांघरूण घातलंय तिला."

"अरे पण ती बाहेर पडायची वाट आहे, माणसा!"

"वाट आहे म्हणून वारा पण तिथूनच येतो. पोरगा रात्रभर काम करून येतो, आणि तुझ्या त्या काचेपाशी कुडकुडत पडतो. दोन गोधड्या घेऊन. मी बाप आहे का कोण आहे?"

मार्कू हसत होता. म्हणाला, "रूडी, खरं सांगू? या हिवाळ्यात या आठवड्यातच मला पहिल्यांदा झोप लागली."

मी ऐकलं नाही. म्हटलं, पाळ घाल, सगळ्या भिंतीला घाल, पण तेवढा खड्डा सोड. भांडलो आम्ही. तुझा बाप माझं मूळ काढून म्हणाला, "खाली उतर, स्लोव्हेनियन, तुझ्या डोक्यात वाफ गेली." मग म्हणाला, बरं बरं, काढतो उद्या. रविवारी उणे छत्तीस होतं. सोमवारी त्याहून वाईट. मंगळवारी सकाळी त्याने फावडं हातात घेतलंच होतं म्हणतो, तेवढ्यात आल्ग्रेनबाईंचा फोन आला, नळ गोठला म्हणून.

त्याने फांद्या का घातल्या माहीत आहे? बर्फाने माझ्या झाकणावर ओरखडे येतील म्हणून. नवीन आहे, म्हणाला.

चर्चमध्ये मार्कूसाठी प्रार्थना झाल्यावर खाली सगळे जेवत होते. तो मला कोट टांगायच्या खोलीत घेऊन गेला. मला वाटलं, आता हा रडणार. रडला नाही. माझी बाही धरून म्हणाला, "हेल्मीला कळू देऊ नको. तिने खिडकी लावायला लावली आणि मी ती बुजवली. हे कळलं तर ती या घरात पाऊल टाकायची नाही." परवान्याचं तेव्हा काही निघालंही नव्हतं. पुढे मंडळाचं पत्र आलं तेव्हा मी आपणहून ठरवलं. त्याने मला खोटं बोल असं कधी सांगितलं नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेव.

त्याची शिकारीची बंदूक माझ्याकडे आहे. मार्कू गेल्यावर नळी साफ करून देतो म्हणून नेली. तो परत मागत नाही, मी देत नाही. आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही.

आता तू काय करशील ते तुझं. माझ्याकडून मंडळासमोर पट्टीच गोठली होती. तू वेगळं सांगितलंस तर मी तुला खोटं पाडणार नाही. फक्त तो तुझ्याकडे बघत असेल तेव्हा सांगू नकोस.

रूडी


मिनियापोलिस
७ एप्रिल २०१४

बाबा,

हे पत्र दोनदा वाचा. मी ते चारदा लिहिलं आहे.

तुम्ही उत्तरेच्या भिंतीला पाळ घातली होती आणि ती खड्ड्यावरून गेली होती. हे मला रूडी यांच्याकडून कळलेलं नाही. मी भिंतीवरची रेघ पाहिली आणि बर्फातल्या फांद्या पाहिल्या. छाटणी कोणाची ते ओळखायला मला कोणी लागत नाही. नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

तुम्ही पाळ का घातली तेही मला माहीत आहे. मार्कूला थंडी वाजत होती.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, आणि दोष नाही असंही लिहीत नाही. मला तसं लिहिता येत नाही. मी खिडकीचा आग्रह धरला, रूडी यांनी ती नीट बसवली, मार्कूने ती नीट उघडली, आणि तुम्ही तिच्यावर बर्फ थोपटला. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली एकही मला पुसता येत नाही.

२४ तारखेला मंडळासमोर रूडी सांगणार आहेत की झाकण त्यांनी चुकीचं लावलं. मंडळ ते मान्य करेल, कारण ते सगळ्यांना सोयीचं आहे. त्यांचा परवाना जाईल. तेवढंच असतं तर कदाचित मी गप्प राहिले असते. नक्की सांगता येत नाही.

पण गेल्या खेपेला मी परत निघाले तेव्हा आपल्या रस्त्याने मुद्दाम हळू गाडी चालवली. कोस्कींच्या घराला पाळ आहे. तलावाकडच्या त्या हिरव्या घराला आहे. आल्ग्रेनबाईंच्या घराला आहे, आणि ती तुम्ही घातली आहे, आगीच्या आधी, त्याच थोपटण्याने. त्यांच्या तळघरात त्यांचा नातू झोपतो. त्याची खिडकीही रूडी यांनीच बसवलेली आहे. ती बर्फाखाली आहे. तुम्ही दर आठवड्याला त्यांचं अंगण साफ करता, पण तिथवर जात नाही. का जात नाही हे मला समजतं.

गावात लोक म्हणत आहेत की रूडीची प्लास्टिकची झाकणं वाईट आहेत. पुढच्या हिवाळ्याआधी ते झाकणं बदलून लोखंडी जाळ्या बसवतील. आणि मग त्यांच्यावर फांद्या अंथरतील आणि बर्फ लोटतील, कारण पाळ वाईट आहे असं त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. मंडळाने पट्टी गोठली असं लिहिलं तर कोणी सांगणारही नाही.

म्हणून मी सांगणार आहे. माझ्याकडे भिंतीचे फोटो आहेत आणि वजनाचा हिशोब आहे. तुमचं नाव न घेता ते सांगता येणार नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

मी सांगण्याआधी तुम्ही सांगावं असं मला वाटतं. तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. पाळ घातली, खड्ड्यावरून घातली, आमच्याकडे घालतात. मी शेजारच्या खुर्चीवर असेन. तुम्ही माझ्याकडे बघायची गरज नाही.

तुम्ही रूडी यांना कोटांच्या खोलीत जे म्हणालात ते मला कळलं आहे. त्याचं उत्तर असं. मी २२ मार्चला आले तेव्हा संध्याकाळपर्यंत मला सगळं समजलं होतं, आणि मी रात्री तुमच्याच खोपटात, तुमच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपले. सकाळी तुमच्या हातची कॉफी प्यायले. या शनिवारी येणार आहे, त्याच्या पुढच्याही. तुम्ही काय ठरवता त्यावर हे अवलंबून नाही.

आल्ग्रेनबाईंच्या खिडकीवरचा बर्फ काढायला मात्र सुनावणीपर्यंत थांबू नका. हे पत्र खाली ठेवा आणि फावडं घेऊन जा.

पाद्रींनी मला फोन केला होता. जमीन मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होईल असं म्हणतात. मार्कूसाठी कोणी खणायचं असं त्यांनी विचारलं. मी रूडी डेबेव्हेक यांचं नाव सांगितलं आहे. तुमची हरकत असेल तर तीही लिहा.

सुनावणीला तुम्ही माझ्यासोबत येणार की मी एकटीने जायचं, ते मला मंगळवार, १५ एप्रिलपर्यंत पत्राने कळवा.

हेल्मी